बद्द

मी भित्री आहे हे आमच्या आळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि मीही ते कधी लपवलं नाही. घर समुद्राकाठी, नवरा मासेमारी करणारा, सासऱ्यांची सगळी हयात होड्या दुरुस्त करण्यात गेलेली, आणि मी मात्र गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली नाही. नवीन लग्न झालेलं असताना नवऱ्यानं एकदा हौसेनं होडीत बसवलं होतं. वल्हं दोनदा फिरलं नाही तोच मी असा टाहो फोडला की बायका हातातली भांडी टाकून काठावर धावत आल्या. तेव्हापासून चहात बिस्कीट बुडालं तरी आळीतल्या बायका माझ्याकडे बघून हसायच्या. हसू देत. भीती माझी, पोटातला गोळा माझा.

त्या वर्षी खाडीच्या तोंडाशी गाळ साठला आणि मासा आत यायचाच बंद झाला. जाळं टाकायचं आणि चिखल ओढायचा, असं कितीतरी दिवस चाललं. धाकटे भावजी कंटाळले आणि शहरात जाऊन ट्रकवर लागले. नवरा काही दिवस नुसता ओट्यावर बसून नखं कुरतडत होता. मग एके दिवशी जेवता जेवता म्हणाला, "ताईकडे जाऊ. तिकडं मासा आहे. हंगाम तिकडेच काढू."

ताई म्हणजे माझ्या नणंदबाई, राहायच्या पलीकडच्या किनाऱ्यावर. मोकळ्या समुद्रातून एक अख्खा दिवस आणि वर रात्र. आमची होडी शिडाची, तिला दोन माणसं लागतात. एक सुकाणूवर, दुसरं शीड सांभाळायला आणि आत येईल ते पाणी उपसायला.

"आणि दुसरं माणूस कोण?" मी विचारलं.

"तू."

"थट्टा करू नका हो."

"थट्टा करायला वेळ कुणाला आहे? धाकटा येत नाही. बाबांचे गुडघे गेलेत. बाहेरचा माणूस घ्यायचा तर निम्मा मासा त्याच्या घरी. राहिलं कोण?"

मामंजींकडे बघितलं, म्हटलं हे तरी काही बोलतील. ते ताटात मान घालून भात कालवत होते. "हं," म्हणाले आणि पाणी प्यायले. संपलं. आमच्या घरात मामंजींचा हुंकार म्हणजे शेवटचा शब्द. त्यावर कुणी बोलायचं नाही.

दुरुस्तीसाठी होडी ओढून परसात आणली आणि ओंडक्यांवर आडवी टेकवली. पाण्यात असताना एवढीशी वाटणारी ती बया परसात आली तर न्हाणीघराचा रस्ताच अडवून बसली. रोज आंघोळीला तिला वळसा घालून जायचं, आणि प्रत्येक वेळी तिच्या पोटाजवळून जाताना माझ्या अंगावर काटा यायचा. ह्या एवढ्याशा लाकडावर मला बसायचं होतं आणि खाली समुद्राला तळ नव्हता.

पहिल्याच दिवशी सुतारदादांनी मागच्या बाजूच्या फळीत आरी टोचली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. फळी आतून कुजलेली. नवऱ्याचं तोंड उतरलं. मी वरून "अरे देवा" म्हटलं आणि आतून, खोटं कशाला बोलू, इतकी सुखावले की त्या दिवशी सुतारदादांना दोनदा चहा पाजला. नवी फळी वाफवून वाकवायला घेतली तर मधोमध कडाड्कन फुटली. मला आणखी बरं वाटलं. मग शीड उलगडलं. माळ्यावर घडी करून ठेवलेलं, उंदरांनी घडीवर कुरतडलेलं. उलगडलं तर एकासमोर एक अशी भोकांची रांगच्या रांग. नवरा डोक्याला हात लावून खाली बसला.

"ह्या वर्षी राहू दे मग," मी हळूच म्हटलं.

"तुला तेच हवंय."

हवं होतंच. पण शीड शिवायला मलाच बसवलं. दाभणानं जाड कापडाची ठिगळं लावता लावता तळहाताचं कातडं सोलवटलं. प्रत्येक टाका घालताना मनात यायचं, हा उसवला तर? आणि मग तोच टाका पुन्हा घालायचे. नवरा म्हणाला, "शीड शिवतेस की गोधडी?" मी म्हटलं, "मला बुडवायला निघालात तर निदान पांघरूण तरी धड असू द्या." सुतारदादा खोखो हसले. मीही हसले, पण रात्री पाय गार पडले ते गारच राहिले.

दुसरी फळी वाकली, बसली. डोलकाठीला उभी चीर गेली होती, तिला दोर घट्ट आवळून बांधला. एकेक खोट निघत होती आणि एकेक दुरुस्त होत होती. जाणं रद्द होईल ही माझी आशा कमी कमी होत चालली. शेवटी राहिल्या त्या फटी.

फळ्यांमधल्या फटी बुजवायचं काम मामंजींचं. आजूबाजूच्या सगळ्या होड्या त्यांच्या हातच्या. कापसाचा लांब पीळ करायचा, तो फटीवर धरायचा, बोथट छिन्नी टेकवायची आणि लाकडी मोगरीनं ठोकत ठोकत आत बसवायचा. वरून राळ आणि तेल. पीळ करायचं काम लग्न झाल्यापासून माझं. मांडीवर कापूस वळत त्यांच्या मागे बसायचं आणि ते ठोकत पुढे सरकले की आपणही सरकायचं. इतकी वर्षं ते ऐकून ऐकून माझ्या कानात एक गोष्ट बसली होती, कुणी शिकवली नव्हती. कापूस सैल असतो तोवर आवाज बद्द येतो, मडकं फुटकं निघावं तसा. घट्ट बसला की टण. मामंजी ठोकायचे, मान जरा वाकडी करून ऐकायचे, बद्द आला तर पुन्हा तिथेच ठोकायचे. टण आला की पुढे. ह्यात कधी बदल झाला नव्हता.

ह्या वर्षी ते ठोकत होते, मान वाकडी करत होते, आणि पुढे जात होते. आवाज बद्द.

मला वाटलं माझंच चुकतंय. पुढचा ठोका टण आला. त्यानंतरचे दोन बद्द. मामंजींनी मान वाकडी केली आणि पुढे सरकले. माझ्या हातातला पीळ तसाच राहिला.

"पीळ," ते मागे न बघता म्हणाले.

"मामंजी, तिथे जरा पुन्हा..."

"पीळ दे."

मी दिला. न देऊन सांगते कुणाला?

संध्याकाळी नवऱ्याला एकीकडे घेतलं. "अहो, आवाज बद्द येतोय. नव्या फळीजवळ तर फारच."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य तिथेच गिळलं. "फळी झाली, शीड झालं, डोलकाठी झाली. आता आवाज. उद्या म्हणशील होडीला नजर लागली."

"मी खरंच सांगतेय. पाणी ओतून बघा हवं तर."

"सुकी होडी गळतेच. लाकूड फुगलं की बंद होते. त्यावरून काय कळणार? बाबांनी बुजवलेली होडी आजवर गळली का कुठं?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "नाही यायचं तर सरळ सांग. म्हाताऱ्याच्या कामाला नावं ठेवू नकोस."

दुसऱ्या दिवशी त्यानं ते सुतारदादांनाही सांगितलं. सुतारदादा म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका, होडी बुडायला आधी ती पाण्यात जावी लागते." दोघं हसले. शेजारची शिंपीण कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती, तीही हसली. माझे कान तापले. वाटलं, बुडा सगळे. मग आठवलं, बुडणाऱ्यांत मीच आहे.

खरी पंचाईत वेगळीच होती. माझाच माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. भित्र्या माणसाला काय, दार वाजलं तरी चोर वाटतो. मी घरभर ठोकत सुटले. दार, ट्रंक, हंडा, पाट. भरलेला हंडा बद्द, रिकामा टण. कान तर शाबूत होते. मग डोकं फिरलं असेल का? भीतीनं आवाज बदलतो का? कुणाला विचारायची सोय नव्हती.

आणि मग नांगर पडला. नवरा आणि सुतारदादा लोखंडी नांगर उचलून आणत होते, सुतारदादांचा हात निसटला आणि नांगर फरशीवर आदळला. मी किंचाळले. शिंपिणीच्या घरातलं मूल झोपेतून उठून रडायला लागलं. मामंजी त्यांच्याकडे पाठ करून दोन हातांच्या अंतरावर बसले होते. त्यांची पाठ हललीसुद्धा नाही. ते राळ ढवळत राहिले.

मग एकेक आठवायला लागलं. हाक मारली की ते यायचे नाहीत, समोर गेलं की यायचे. बोलताना आपल्या तोंडाकडे बघायचे. काहीही विचारलं तरी "हं". आम्ही समजायचो, कडक माणूस आहे. त्यांच्या शब्दावर कुणी बोलायचं नाही म्हटल्यावर त्यांना ऐकायची वेळच कुठे येत होती? कधीपासून असेल, देव जाणे. इतर कुणाला कळलं नाही हे समजू शकते, पण मी तर रोज त्यांना वाढत होते.

नवऱ्याला सांगितलं तर त्यानं मला उभी जाळली असती. म्हणून दुपारी सगळे आत आडवे झाल्यावर मी लोखंडी आकडा घेतला आणि होडीमागे गेले. नव्या फळीजवळ राळेचा थर खरवडला, आकडा फटीत घातला आणि ओढला. घट्ट बसलेला कापूस जिवाच्या करारावर ओढला तरी तुटून बोटभर येतो. हा उशीतून यावा तसा आला. हातभर, मग आणखी हातभर. मी ओढत होते आणि तो येत होता. खरंच होतं तर. मी वेडी नव्हते, आणि हे काही सुखाचं कळणं नव्हतं.

अंगावर सावली पडली. मामंजी उभे होते.

"सून आहेस की उंदीर?" ते गरजले. "शीड कमी पडलं होतं का कुरतडायला?"

"मामंजी, कापूस सैल बसलाय."

"काय?"

"सैल आहे! तुम्हाला आवाज ऐकू येत नाही!"

"कसला आवाज?"

"तुम्हाला ऐकू येत नाही!" मी ओरडले.

"काय येत नाही?"

शिंपीण दारात आली. पलीकडचे दोघंतिघं बाहेर आले. नवरा लुंगी सावरत धावत आला. मला थांबता येत नव्हतं. आता थांबले तर पुन्हा कधी तोंड उघडता आलं नसतं. मी मामंजींच्या अगदी तोंडासमोर गेले आणि बेंबीच्या देठापासून किंचाळले, "तुम्ही बहिरे झालात, मामंजी!"

सगळ्या आळीनं ऐकलं. ज्यांना सांगायचं होतं त्यांना सगळ्यात शेवटी ऐकू गेलं.

मामंजींनी एकदा माझ्याकडे, एकदा दारातल्या माणसांकडे बघितलं. मग वाकले, गुडघा धरून वाकले, माझ्या पायाशी पडलेला कापूस उचलला, बोटांनी चेपून बघितला आणि तो हातात घेऊनच आत गेले. मला वाटलं जमीन दुभंगावी.

"माझ्या बापाला," नवरा दात खाऊन म्हणाला, "आळीसमोर..." त्यानं आकडा माझ्या हातातून हिसकावला आणि फटीत दुसरीकडे घातला. ओढला. कापूस आला. त्यानं तिसरीकडे घातला. मग आकडा तिथेच टाकून तो काठावर निघून गेला.

त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. मी ताट तसंच झाकून ठेवलं. मीही जेवले नाही. मला वाटत होतं आता जाणं रद्द होईल, आणि पहिल्यांदाच त्याचा आनंद होईना.

सकाळी परसात गेले तर मामंजी होडीखाली बसलेले. समोर जुन्या कापसाचा ढीग. सगळ्या फटी त्यांनी उकरून काढल्या होत्या, एकूण एक. शेजारी नुकतीच तासलेली एक काठी.

"मोगरी घे," ते म्हणाले.

"मी?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि चिडून म्हणाले, "मग काय शिंपिणीला बोलावू? घे."

मी मोगरी घेतली. त्यांनी काठीचं एक टोक फळीला टेकवलं आणि दुसरं दातांत धरलं. समोरचे दात अजून शाबूत होते त्यांचे. डोळे मिटले आणि हातानं खूण केली, ठोक. मी ठोकलं. आवाज आला बद्द. त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा ठोकलं. नाही. पुन्हा. टण आला, आणि त्यांच्या भुवया एकदम वर गेल्या. त्यांनी काठी तोंडातून काढली.

"ठोका टाळूपर्यंत लागला," ते म्हणाले. मग म्हणाले, "पुढे."

तसे आम्ही सबंध होडी फिरलो. मी ठोकायचे, ते काठी चावून बसायचे. मला टण वाटला आणि त्यांनी मान हलवली तर पुन्हा ठोकायचे. त्यांनी हो म्हटलं आणि मला बद्द वाटला तर मी बोट हलवायचे, ते खेकसायचे आणि पुन्हा काठी दातांत धरायचे. माझ्या तळव्याला फोड आले, फुटले, पुन्हा आले. त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तर थुंकून टाकायचे. एकदा मी ठोकायला आणि ते वाकायला एकच गाठ पडली, मोगरी त्यांच्या कानाजवळून गेली. मामंजी म्हणाले, "लागली असती तरी काय, तो कान गेलेलाच आहे." मला हसावं की रडावं कळेना, पण ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं.

नवरा लांबून बघायचा. कापूस आता तोच वळत होता, मांडी घालून, बायकांसारखा. सुतारदादांनी त्यावर काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

होडी पाण्यात सोडली. पहिल्या दिवशी थोडं पाणी आलं, मग लाकूड फुगलं आणि थांबलं. निघायची सकाळ उगवली. होडी दुरुस्त झाली होती, मी नव्हते. चहा प्यायले तो उलटला. पाण्यात उतरून होडीत चढायचं तर पाय उचलेना, नवऱ्यानं काखेत हात घालून पोत्यासारखी आत टाकली. शिंपीण काठावर उभी होती, पण आज हसली नाही. तिच्या न हसण्यानं तर मला जास्तच भीती वाटली.

मामंजी गुडघाभर पाण्यात आले, छिन्नी आणि मोगरी माझ्या मांडीवर ठेवली आणि मागे वळले. शीड भरलं. काठ सरकायला लागला. बरंच पुढे गेल्यावर त्यांनी तोंडाशी हात धरून काहीतरी ओरडून सांगितलं. वारा आमच्या पाठीशी होता, तरी शिडाच्या फडफडाटात मला शब्द लागला नाही.

"काय?" मी ओरडले.

त्यांनी कानामागे हात धरला.

गाळाचा पट्टा संपला आणि होडी पहिल्यांदा खालून उचलली गेली. माझ्या तोंडून आवाजही निघाला नाही. तळाशी बसून मी एका हातानं उपसायचा डबा धरला होता, दुसऱ्या हातानं काय धरलं होतं आठवत नाही. पुन्हा उचलली, पुन्हा आदळली. तळाशी पाणी दिसलं. थोडंसंच, पण होतं. वरून उडालेलं की फटीतून आलेलं? मी फडक्यानं नव्या फळीजवळची फट पुसली आणि तिच्यावर तळवा ठेवला. तळवा ओला झाला. चाटून बघितला. खारट. घामही खारटच असतो. मी पुन्हा पुसली.

"काय गं?" सुकाणूवरून नवऱ्यानं विचारलं. आवाजात थट्टा नव्हती. "आत काय आहे? काठ अजून दिसतोय. ओलं असेल तर आत्ताच सांग, फिरवतो. तू म्हणशील तसं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. एक शब्द म्हणायचा अवकाश होता. ओलं. त्यानं उलट विचारलं नसतं, होडी तिथल्या तिथे फिरवली असती. कुणी हसलं नसतं. मी खरं सांगत होते तेव्हा कुणी ऐकलं नाही, आणि आज माझं खोटं त्यानं दोन्ही हातांनी घेतलं असतं. शब्द जिभेवर आला होता. मागे घर दिसत होतं, न्हाणीघराचा पत्रा दिसत होता, आणि पाण्यात अजून उभे असलेले मामंजी, इवलेसे.

मी फटीवर छिन्नी टेकवली आणि मोगरी मारली. एवढ्या लाटांतही आवाज स्वच्छ आला, टण. तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"कोरडं आहे," मी म्हणाले. आवाज फुटलाच नाही.

"काय?"

"कोरडं आहे!" मी ओरडले, आणि ओरडता ओरडताच रडायला लागले. "कोरडं आहे हो! जाऊ दे!"

नवऱ्यानं सुकाणू होतं तसंच धरून ठेवलं. पुढे नुसतं पाणी होतं. मी डोळे गच्च मिटून घेतले, आणि लगेच उघडले, कारण फट बघायला हवी होती.